दोनशे बारावी नोंद

१

यादीत खाणीची वस्ती नव्हती.

दर शुक्रवारी सकाळी नऊला लसवाटप कार्यालयाच्या फळ्यावर कच्ची यादी लागायची आणि दुपारी चारला ती पक्की व्हायची. पक्की झाली की शीतगृहातून खोकी निघायची, आणि मग पुढच्या शुक्रवारपर्यंत प्रत्यक्ष देवानं येऊन सांगितलं तरी ती बदलत नसे. त्या शुक्रवारी, बारा तारखेला, यादीवर सव्वीस वस्त्या होत्या. सत्ताविसावी, दगडखाणीजवळची, सलग चौथ्यांदा नव्हती.

पडताळणीबाईंच्या टेबलावर वहीच्या पानावर लिहिलेलं एक पत्र पडलं होतं.

‘गेले तीन शुक्रवार आमच्याकडे एकही कुपी आली नाही. मागच्या चौदा तारखेपासून आमची चौदा माणसं गेली. आमचं काय चुकलं ते कळवावं, म्हणजे दुरुस्त करू. सिस्टर, खाणीचं केंद्र.’

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. आत काही हललं नाही. नवरा गेल्याला दोन महिने झाले होते, आणि दोन महिन्यांत आत काही हललंच नव्हतं. त्या वेळेवर उठायच्या, वेळेवर जेवायच्या, सकाळी डोळे मिटून हात जोडून बसायच्या. पण मागायला काही सुचायचं नाही. पत्राशेजारी आस्थापना शाखेची चिठ्ठी होती: ‘आपलं कर्मचारी माहितीपत्रक अपूर्ण आहे. एक रकाना राहिला आहे.’ अशी ती चौथी चिठ्ठी. त्यांनी ती नेहमीसारखी माहितीपत्रकाला टाचली आणि दोन्ही कागद पिशवीत सारले.

मोठे डॉक्टर दारातूनच बोलले. कार्यालयाचे ते प्रमुख. तीन महिन्यांत त्यांना खुर्चीवर टेकलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

“बाई, सगळेच लिहितात आमच्याकडे जास्त गेले म्हणून. पूर्वी ज्याचा आवाज मोठा त्याला खोकी जास्त, असा कारभार होता. तो बंद करायलाच हे गणित आणलं. पत्रावर यादी हलणार नाही. नोंदवहीत अनुक्रमांक पडला तेवढाच मृत्यू धरायचा.”

“आणि अनुक्रमांक पडला नसेल तर?”

“तर आमच्या लेखी तो माणूस जिवंत.” डॉक्टरांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. “चारपर्यंत बघा. यादीत कुणी हात घातला असेल तर मला त्याचं नाव हवंय. काही सापडलं नाही, तर वस्ती आजही बाहेर.”

यादी बनवायची ती गणिती. चाळिशीला टेकलेली बाई, केसात पेन्सिल खोचलेली, आणि ती तिथं आहे हे विसरून दुसरी शोधत बसणारी.

“मी कुणाला वगळत नाही हो,” ती म्हणाली. “माझ्याकडे माणसं येतच नाहीत, आकडे येतात. वस्ती केवढी, साठीपुढचे किती, आठवड्यात गेले किती. चाचण्या कुठंच पुरत नाहीत, त्यामुळे गेलेल्यांवरून मागं मोजत जायचं. इतके गेले, म्हणजे इतके आजारी असणार, म्हणजे साथ चढतीय की उतरतीय. एका कुपीनं जिथं जास्त जीव वाचतील, तिथं कुपी. एवढंच.”

“आणि खाणीवर?”

गणितीनं संगणकाचा पडदा बाईंकडे वळवला. मागच्या चौदा तारखेपासून शून्य, शून्य, शून्य, टोकापर्यंत शून्यच.

“अठ्ठावीस दिवस,” ती म्हणाली. “बाई, तिथं कुणी मरतच नाहीये.”

२

शीतगृह तळमजल्यावर. तिथले रखवालदार म्हणजे बर्फकाका. अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर, आणि तोंडाचा पट्टा तेवढा उघडा.

“या या. इथं अफवासुद्धा गोठतात, त्यामुळे बिनधास्त बोला.”

“खाणीची खोकी कुठं जातात, काका?”

बर्फकाकांनी एका मोकळ्या फळीकडे बोट दाखवलं. फळीला ‘खाण’ अशी चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

“बावीस तारखेला मी सवयीनं खोकं भरून ठेवलं होतं. यादी आली तर त्यात खाण नाही! भरलेलं खोकं नदीकाठच्या वसाहतीला गेलं. पुढच्या शुक्रवारीही तेच. आता नदीकाठी मोठ्या डॉक्टरांच्या सासूबाई राहतात, हे काही मी सांगत नाही.”

“सांगितलंत की.”

“थंडीनं जीभ घसरते हो.”

बाई तशाच वर गेल्या आणि डॉक्टरांना सरळ विचारलं. डॉक्टरांना रागसुद्धा आला नाही. रागावायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

“सासूबाई सहा महिने झाले माझ्याच घरी आहेत,” ते म्हणाले. “त्यांची लस पहिल्या फेरीतच झाली. खात्री करायची तर फोन लावून देतो. तुम्हालाही दोन शब्द सुनावतील.”

“नको. विश्वास आहे.”

“मग उरतं कोण? बर्फकाका खोकं हलवू शकतो, यादी नाही. यादी हलवू शकते ती फक्त गणिती. आणि पत्र लिहिणारी सिस्टर. तिनं आकडा फुगवला नसेल कशावरून? चौदा तारखेपासून चौदा माणसं! ऐकायलाच जुळवलेलं वाटतं.”

बाई तडक अभिलेख खोलीत गेल्या. साथीआधीच्या पाच वर्षांचे जुने तक्ते त्यांनी काढले आणि खाणीच्या वस्तीच्या ओळीवर बोट ठेवलं. चार हजार माणसं. एका वर्षी एकोणचाळीस गेलेली, एका वर्षी बेचाळीस, एका वर्षी चाळीस. कुणी म्हातारपणानं, कुणी हृदयानं, कुणी खाणीतल्या धुळीनं. साथीचं नाव नव्हतं तेव्हाही तिथं महिन्याला तीन माणसं जायचीच.

साथ उठून गेली असेल एक वेळ. पण म्हातारपणही उठून गेलं?

म्हणजे सिस्टरचे चौदा खरे असोत की फुगवलेले, पडद्यावरचं शून्य नक्की खोटं होतं. आणि ते कुणाच्या तरी हातून आलं होतं.

३

“मला पडदा नको,” बाई गणितीला म्हणाल्या. “वस्त्यांकडून येतो तो मूळ कागद दाखवा.”

प्रत्येक वस्तीचा नोंदणी कारकून दर आठवड्याला एक तक्ता भरून त्याचा फोटो पाठवायचा. त्याची छापील प्रत फाइलमध्ये लागायची. गणितीनं खाणीचे चार कागद टेबलावर मांडले. अक्षर असं की छापलेलं वाटावं. जन्म: दोन, एक, तीन, दोन. लग्नाच्या नोंदी: काही नाही, आणि तिथं स्पष्ट, गोल शून्य काढलेलं. मृत्यूच्या रकान्यात मात्र शून्य नव्हतं, आडवी रेघही नव्हती.

चारही कागदांवर तो रकाना कोरा होता.

“इथं काहीच लिहिलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “मग शून्य आलं कुठून?”

गणितीनं चारही कागद पुन्हा तपासले. मग तिनं केसातली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली, एखादा गुन्ह्याचा मुद्देमाल ठेवावा तशी.

“माझ्याकडून,” ती म्हणाली. “सुरुवातीला सगळेच कारकून कुणी गेलं नसलं की रकाना मोकळा सोडायचे. एक कोरा रकाना आला की गणित तिथंच अडून बसायचं. शेवटी वैतागून मी त्याला सांगून ठेवलं, कोरं दिसलं की शून्य धर. नंतर विसरूनही गेले. म्हणजे त्यांना यादीतून मीच काढलं.”

“तुम्ही निम्मं केलंत.”

“आणि निम्मं?”

“तो माणूस लग्नाच्या रकान्यात शून्य काढतो. मृत्यूच्या रकान्यात काढत नाही. त्याला शून्य म्हणायचंच नव्हतं.”

“मग काय म्हणायचं होतं?”

 पिशवीतल्या कागदाचा कोपरा बाईंच्या बोटांना लागला आणि त्यांनी हात काढून घेतला.

घड्याळात सव्वाबारा झाले होते. खाणीवर जायला सव्वा तास लागायचा. “यादी चारच्या आधी पक्की करू नका,” एवढं सांगून त्या जीपकडे निघाल्या. जिन्यात बर्फकाका भेटले.

“बाई, खाणीची फळी मी मोकळीच ठेवलीय बरं का. मागच्या शुक्रवारी नदीकाठवाले म्हणाले, तेवढी चिठ्ठी काढून आमची लावा. म्हटलं, गोंद घट्ट बसलाय.”

४

खाणीच्या केंद्रात एक लांब खोली, सहा खाटा आणि कोपऱ्यात घरघरणारा एक फ्रीज. सिस्टर हात धूत होती. बाई बोलत होत्या तोवर धूतच राहिली.

“फ्रीज रिकामाच दिसतोय,” बाई म्हणाल्या.

“रिकामा आहे, पण चालू ठेवलाय. बंद केला की काही येणारच नाही असं वाटतं.” सिस्टरनं नळ बंद केला. “तुम्ही माझे चौदा मोजायला आलात ना? मोजा. मला पाठ आहेत.”

तिनं एकेक सांगितला. खाणीचा मुकादम. दोघं सख्खे भाऊ, तीन दिवसांच्या अंतरानं. शाळेतली घंटा देणारी. हिशेब मांडावा तसं कोरड्या आवाजात सांगत गेली, सगळ्यांच्या तारखा वारांसकट.

“आणि पहिला कोण? तो राहिला.”

“पहिली.” सिस्टर टॉवेलची घडी करू लागली. “माझी ताई. चौदा तारखेला, पहाटे. मरणाची चिठ्ठी मीच लिहिली.”

 अशा वेळी लोक जे बोलतात ते सगळं बाईंनी दोन महिन्यांत ऐकलं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नव्हतं.

“मग रडायचं राहून गेलं,” सिस्टर म्हणाली. “दुसऱ्या दिवशी मुकादम गेला ना. त्याची चिठ्ठी होती लिहायची.”

“चौदाही चिठ्ठ्या नोंदीला पोचल्या का?”

“एकूण एक. त्याच दिवशी, माझ्या हातानं.”

“कुणाला दिल्यात?”

“कुणाला म्हणजे? नोंदणीच्या टेबलावर कोण असतं?” सिस्टरनं खिडकीतून अंगणापलीकडच्या खोलीकडे मान वळवली. “मोतीकाका म्हणतात त्यांना सगळे, अक्षरामुळे. माझे भाऊजी. ताईचे यजमान.”

५

मोतीकाका उठून उभे राहिले. स्वच्छ सदरा, खिशाला पेन, टेबलावर टीपकागद.

“बसा बाई. पाणी आणू?”

टेबलावर दोन वह्या होत्या. जन्माची उघडी, कडा हाताळून मऊ झालेल्या. मृत्यूची मिटलेली, वर लाकडी पट्टी ठेवलेली. बाईंनी पट्टी उचलली आणि शेवटचं लिहिलेलं पान काढलं.

दोनशे अकरा. तेरा तारीख. नाव, वय, कारण, सही, सगळं जागच्या जागी.

त्याखाली दोनशे बारा. नुसता आकडा. पुढच्या रकान्याच्या सुरुवातीला शाईचा एक ठिपका. नीट पाहिलं तर एकावर एक पडलेले पुष्कळ ठिपके.

“यापुढच्या नोंदी?”

“करायच्यात.”

“चिठ्ठ्या बघू.”

त्यांनी मुकाट्यानं खण उघडला. चिठ्ठ्या तारखेनं लावून दोऱ्यानं बांधल्या होत्या. बाईंनी मोजल्या. तेरा. सगळ्यात वरची पंधरा तारखेची. चौदाव्या चिठ्ठीबद्दल त्यांनी विचारलं नाही. पेनामागे, सदऱ्याच्या खिशातून घामानं पिवळा पडलेला एक कोपरा डोकावत होता.

“येताना जीपमध्ये मी चोर शोधत होते,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “पण चोराचं काही जुळेना. आकडा दाबणारा माणूस जन्माचे आकडे इतके चोख पाठवत नाही. आळशी माणूस चिठ्ठ्या तारखेवार लावून बांधून ठेवत नाही. आणि घाबरलेल्यानं सरळ शून्य लिहून मोकळं व्हावं ना? तुम्ही तेही केलं नाहीत. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहवत नव्हतं, म्हणून रकाना कोरा. वहीत अनुक्रमांक गाळता येत नाही. दोनशे बारा झाल्याशिवाय दोनशे तेरा होत नाही. तुम्हाला लिहिता आली नाही ती नोंद एकच, काका. बाकीचे तेरा तिच्या मागं रांगेत उभे आहेत.”

मोतीकाका खाली बसले.

“तुम्हाला कसं कळलं?” त्यांनी विचारलं. आवाजात आश्चर्य नव्हतं, नुसती चौकशी होती.

“माझ्याकडेही एक रकाना आहे. दोन महिने झाले.”

पलीकडे फ्रीजची घरघर ऐकू येत होती.

“एकतीस वर्षं झाली,” मोतीकाका म्हणाले, “माझ्या वहीत एक खोडाखोड नाही. रोज सकाळी उघडतो. पेन टेकवतो. नाव पाठ असून अक्षर निघत नाही. वाटतं, आजचा दिवस जाऊ दे. लिहिलं की झालं ना. नाही लिहिलं तोवर...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “लोक येतात, दाखला मागतात. म्हणतो, शाई संपलीय. मला वाटायचं मी तिला एकेक दिवस ठेवून घेतोय. यात दुसऱ्या कुणाचं काय जातं?”

“हा आकडा कशाला लागतो, ते कुणी सांगितलं नव्हतं?”

“आकडा पाठवायचा, एवढंच सांगितलं होतं.”

“त्यावरून लस ठरते. तुमचा रकाना कोरा, म्हणून तिकडे शून्य झालं. शून्य झालं, म्हणून व्हॅन वळली.”

मोतीकाकांचा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला. दारात कुणाची तरी सावली पडली. सिस्टर उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

६

बाईंना वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मी रोज तिकडे फोन करून भांडत होते,” सिस्टर म्हणाली. “भाऊजी, तुम्ही इथंच बसून ऐकत होतात.”

“मला कळलं नाही गं.”

“किती वाजले?”

“अडीच,” बाई म्हणाल्या. “चारच्या आत नोंदी गेल्या तर आजची व्हॅन मिळेल. सही यांचीच लागते. दुसऱ्या कुणाची चालत नाही.”

सिस्टर आत आली. भाऊजींच्या खिशातून तिनं स्वतःच ती चिठ्ठी काढली, घडी उलगडली आणि त्यांच्याशेजारी स्टूल ओढून बसली. बाईंनी ओळीखाली पट्टी धरली.

“लिहा,” सिस्टर म्हणाली. “मी सांगते तसं लिहा. तिचं म्हणून लिहू नका. अक्षरं लिहा नुसती.”

तिनं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. मोतीकाका एकेक अक्षर काढत गेले. वय. पत्ता, तो त्यांचा स्वतःचाच. कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं. पट्टीवरचा बाईंचा हात अवघडला, पण त्यांनी तो हलवला नाही. सिस्टरनं कारणही सांगितलं. दोनशे बाराव्या नोंदीला पंचवीस मिनिटं लागली. सही करून झाल्यावर मोतीकाकांनी त्यावर टीपकागद दाबला आणि जरा जास्तच वेळ दाबून धरला.

पुढच्या तेरा नोंदींना चाळीस मिनिटं. त्यांचा हात एकदा सुटला तो सुटलाच. मुकादम, दोघे भाऊ, घंटा देणारी. सगळे आपापल्या आकड्याखाली जाऊन उभे राहिले.

तीन चाळीसला पानांचे फोटो गेले. चारला चार मिनिटं कमी असताना गणितीचा फोन आला. बाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

“पहिला नंबर,” गणिती म्हणत होती. “सव्वीसांच्या वर. पाच खोकी. बर्फकाका स्वतः व्हॅनमध्ये चढवतायत, कुणाला हात लावू देईनात. साडेसहाला पोचतील.”

मग फोनवर मोठे डॉक्टर आले. “सही केली. आता नाव सांगा, बाई. कुणी केलं?”

“घडलं तसं सगळं उद्या लिहून देते. पण आजच गणितात एक बदला. कोरं दिसलं की शून्य धरायचं नाही, फोन करून विचारायचं. कोऱ्या जागी बहुतेक माणूस बसलेला असतो.”

 “बरं,” डॉक्टर म्हणाले, आणि फोन बंद झाला.

सिस्टर उठून केंद्राकडे गेली. जाताना तिनं भाऊजींच्या खांद्याला हात लावला नाही, पण त्यांच्या समोरचा पाण्याचा पेला भरून ठेवला.

“बाई,” मोतीकाकांनी विचारलं, “माझ्यापायी यातले किती गेले?”

बाईंनी हा हिशेब चिठ्ठ्या मोजतानाच केला होता. नको असताना झाला होता.

“लस अंगी लागायला दोन आठवडे जातात. पहिली व्हॅन चुकली बावीस तारखेला. म्हणजे या पाच तारखेच्या आधी जे गेले, ते कशानंही वाचले नसते. तसे अकरा. तुमच्या मंडळीही त्यातच.”

“आणि उरलेले तीन?”

“तिघांचं सांगता येत नाही. गणितालाही येत नाही.” त्या थांबल्या. खोटं बोलणं सोपं होतं, पण या खोलीत ते शोभलं नसतं. “तीन आठवडे लस नव्हती, त्याचं खरं मोल पुढच्या पानावर येईल, काका. आजच्या व्हॅनमुळे ते पान थोडं लहान होईल. पण ते तुम्हालाच लिहावं लागणार.”

मोतीकाकांनी मान हलवली. वहीचं पान उलटलं, पट्टी घेतली आणि नव्या कोऱ्या पानावर सावकाश रेघा मारायला लागले. बाई निघायला उठल्या. पिशवी उचलताना माहितीपत्रक बाहेर सरकलं, आणि एकतीस वर्षं रकाने तपासलेली नजर त्यावर सवयीनं गेली.

“एक राहिलाय,” ते म्हणाले.

“हो.”

“जोडीदार.”

“हो.”

त्यांनी रेघा मारायचं थांबवलं. पेनाचं टोक टीपकागदाला पुसलं आणि हात पुढं केला.

“आणा इकडे. तुम्ही नुसतं सांगा. मी लिहितो.”

बाई पुन्हा खुर्चीवर टेकल्या. अंगणापलीकडे सिस्टरनं फ्रीजचं दार उघडलं होतं आणि आतले कप्पे ओल्या फडक्यानं एकेक करून पुसत होती. बाई तिकडे बघत राहिल्या आणि तिकडे बघतच त्यांनी आधी नाव सांगितलं, मग तारीख.

मोतीकाकांनी लिहिलं. कुठं खोडाखोड झाली नाही.

बाईंनी कागदाला हात घातला, तशी त्यांनी तो हलकेच आपल्याकडे ओढला.

“थांबा जरा,” ते म्हणाले. “वाळू द्या.”